पोट्ट्याची बिअर, बाबांची पंचाहत्तरी

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो. मुलगा आणि सूनबाई अमेरिकेत पोर्टलंडला असतात. आमच्या यांना मे महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतात, त्यासाठी दोघं येणार आहेत. मुलाला चारेक वर्षांपासून घरी बिअर बनवायचा नाद लागलाय. आधी मला वाटलं, हे काय भलतंच. मग मागच्या वर्षी तिथे गेलो तेव्हा पाहिलं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काचेचा मोठा बुधला, त्यात बुडबुडे, आणि हा ऑफिसातून आला की आधी त्याला कान लावून बसतो. यांनी तिथे अर्धा ग्लास घेतली आणि ‘बरी आहे’ म्हणाले. यांच्या तोंडून ‘बरी आहे’ म्हणजे किती, ते आम्हा घरच्यांनाच कळतं. आता मुलाने ठरवलंय, संत्र्याची साल घालून खास बाबांसाठी बिअर करायची आणि डझनभर बाटल्या घेऊन यायचं. माझी झोप उडाली आहे. विमान वर गेलं की बाटल्या फुटतात म्हणे. कस्टमवाले धरतील का? घरी केलेली म्हणजे गावठीच ना, असं जाऊबाई म्हणतात. त्यात वर्ध्याहून भावाचा फोन आला, माझ्यासाठी दोन बाटल्या ठेव. आणि पुतण्या म्हणतो, दादाकडून शिकून घेतो, मग इथेच करू. काय करू?
– एक आई, प्रतापनगर

उत्तर

ताई, आधी जाऊबाईंचं निपटवून टाकू, कारण तो विषय घरात सगळ्यात जास्त वेळ चालणार. तुमचा मुलगा जे करतो ते तिथे चोरून-मारून नाही. अमेरिकेत 1978 साली जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना कायदा झाला आणि घरच्या वापरासाठी बिअर बनवायला केंद्र सरकारने करातून सूट दिली. घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. विकायची मात्र नाही. तेव्हा जाऊबाईंना सांगा, गावठी नाही, घरगुती आहे. फरक त्यांना पटेल असं नाही, पण सांगून ठेवा.

पुतण्याला मात्र आजच थांबवा. जे पोर्टलंडच्या स्वयंपाकघरात चालतं ते प्रतापनगरच्या स्वयंपाकघरात चालत नाही. आपल्याकडे 1949 चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे, आणि परवान्याशिवाय घरी दारू गाळणं किंवा बिअर आंबवणं हा गुन्हा आहे, मग ती मोहाची असो की संत्र्याची साल घातलेली. ‘थोडीशीच केली, घरातच प्यायली’ हे त्यात बसत नाही. त्याला आंबवायचीच हौस असेल तर इडलीच्या पिठापासून सुरुवात करू द्या.

इडलीच्या पिठाची आठवण मुद्दाम काढली, कारण तुमच्या मूळ भीतीचं उत्तर त्या डब्यात आहे. आपल्या नागपुरात डिसेंबरात पीठ रात्रभर ठेवलं तरी ढिम्म हलत नाही, आणि मे महिन्यात तेच पीठ पहाटे झाकण उचलून ओट्यावर आलेलं असतं. बिअरचंही तसंच. तुमचा मुलगा बाटली भरताना तिच्यात थोडी साखर घालतो आणि घट्ट झाकण लावतो. आत उरलेलं यीस्ट ती साखर खातं, वायू तयार होतो, आणि तो बाहेर जाऊ शकत नाही म्हणून बिअरमध्ये मुरतो. ग्लासात फेस येतो तो यामुळे. दुकानातल्या बहुतेक बिअरमध्ये हे यीस्ट गाळून काढलेलं किंवा उष्णतेने मारलेलं असतं. घरच्या बाटलीत ते जिवंत असतं. थंडीत झोपतं, उन्हाळ्यात जागं होतं, आणि खायला काही शिल्लक असेल तर पुन्हा कामाला लागतं.

आता विमानाचं. सगळे सांगतात की वर हवा विरळ, म्हणून बाटली फुटते. पण सामानाचा कप्पाही माणसांच्या केबिनसारखाच दाबाखाली ठेवलेला असतो. साधारण दोन-अडीच किलोमीटर उंचीच्या डोंगरावर जेवढी हवा असते तेवढी तिथे असते. पंक्चरवाल्याच्या भाषेत सांगते म्हणजे तुमच्या यांनाही समजेल. 20 अंशांच्या खोलीत ठेवलेल्या साध्या फेसाळ बिअरच्या बाटलीत 26-27 पॉइंट हवा असते, कारच्या टायरपेक्षा थोडी कमी. विमान वर गेलं की बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे त्यात भर पडते ती जेमतेम तीन-चार पॉइंटांची. चांगली बाटली एवढ्याने फुटत नाही. पण तीच बाटली 40 अंशांत गेली तर आतला वायू बिअरमध्ये मुरून राहत नाही, बाहेर येऊ बघतो, आणि दाब पन्नास पॉइंटांच्या वर जातो. म्हणजे आकाशातले तास राहिले बाजूला, तुमच्या बाटल्यांना खरा धोका आहे तो सोनेगाव विमानतळाच्या पार्किंगमध्ये, मे महिन्यात दुपारी दोन वाजता, बंद गाडीच्या डिक्कीत. तिथे पंचेचाळीस अंश तर बाहेरच असतात.

म्हणून मुलाला निरोप द्यायचा असेल तर तो बनवण्याबद्दल द्या, पॅकिंग नंतर. आणि इथे त्याच्या संत्र्याच्या सालीचा संबंध येतो. संत्र्याची साल आणि धने घालून गव्हाची बिअर करायची ही बेल्जियममधली जुनी रीत आहे. हो, आपलेच धने, पोह्यांच्या तर्रीत पडतात तेच. ही बिअर इतरांपेक्षा जास्त फेसाळ करायची पद्धत आहे, आणि नेमकी तीच पद्धत या प्रवासाला नको. त्याला सांगा, या खेपेला फेस कमी चालेल. लिटरला 6 ग्रॅम साखर पुरे, 7 च्या वर नको. अर्ध्या लिटरच्या बाटलीला 3 ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचासुद्धा पुरता भरत नाही. हात सैल सोडून टाकलेल्या एका जास्तीच्या चमच्याने बाटलीचा बॉम्ब होतो.

दुसरं, बाटली भरण्याआधी बुधल्यातली बिअर पूर्ण आंबलेली हवी. त्याच्याकडे घनता मोजायचा हायड्रोमीटर असेलच. दूधवाल्याचा लॅक्टोमीटर तुम्ही पाहिलाय, त्याचाच हा चुलत भाऊ. तीन दिवस लागोपाठ एकच आकडा आला तर आंबणं संपलं. ‘बुडबुडे थांबले’ एवढ्यावर भागवू नको म्हणावं, कान लावून ऐकण्यावर तर अजिबात नाही. मग भरलेल्या बाटल्या निदान तीन आठवडे घरात राहू दे. त्यातली एक निघण्याच्या आठ दिवस आधी झाकणाच्या पेटीत घालून हीटरजवळच्या उबेत ठेवायची, चार दिवसांनी थंड करून बेसिनमध्ये उघडायची. कारंजं उडालं तर ती बिअर तिथेच मित्रांना पाजावी आणि इकडे नुसतं यावं. बाबांना लेक आला तरी पुरे आहे.

बाटली कोणती? जुन्या बिअरच्या जाड तपकिरी बाटल्या, पत्र्याचं बूच दाबून बसवलेल्या, या चांगल्या. तारेची कडी असलेल्या फॅन्सी बाटल्या दिसायला देखण्या, पण बॅग आपटली की कडी सुटू शकते. आणि दिखाऊ चौकोनी काचेच्या, सरबताच्या किंवा तेलाच्या बाटल्या तर नकोच, त्या दाबासाठी बनलेल्याच नसतात. माझं विचाराल तर मी त्याला सरळ सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भर म्हणेन. बिअरवाल्या मंडळींना हे ऐकून नाक मुरडावंसं वाटतं, पण ती बाटली फुटून काचा होत नाहीत, वजनाला हलकी असते, आणि बोटांनी दाबून आत किती दाब आहे ते कळतं. आंबा चाचपतो तसं.

आता नियम. हातातल्या बॅगेत नाहीच. 2006 साली लंडनमध्ये विमानं उडवायचा कट उघडकीला आला तेव्हापासून केबिनमध्ये 100 मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली नेता येत नाही. चेक-इन बॅगेत मात्र बिअर चालते. ज्या पेयात अल्कोहोल 24 टक्क्यांपेक्षा जास्त नाही त्याला विमान सुरक्षेच्या नियमांत प्रमाणाची मर्यादाच नाही, आणि त्याची बिअर पाचेक टक्क्यांची असेल. अडचण अशी की घरच्या बाटलीवर हे कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून त्याने प्रत्येक बाटलीवर नीट छापलेलं लेबल लावावं: घरगुती बिअर, इतके मिली, इतके टक्के, भरल्याची तारीख. हे काही कायदेशीर कागदपत्र नव्हे, पण बॅग उघडणाऱ्या माणसाला बिनलेबलाचा पिवळा द्रव दिसणं आणि लेबल लावलेली बाटली दिसणं यात फार फरक पडतो. शिवाय काही विमान कंपन्या दुकानातल्या सीलबंद बाटल्यांचाच आग्रह धरतात. तिकीट ज्या कंपनीचं आहे तिला आधी लेखी विचारावं आणि उत्तर मोबाइलवर ठेवावं. काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा ते बरं.

भारतात उतरल्यावर कस्टमची मर्यादा माणशी 2 लिटर. यात बिअर, वाइन, व्हिस्की सगळं मिळून 2 लिटर, प्रत्येकी वेगळं नाही. डझनभर बाटल्यांचं स्वप्न इथे गळतं. आणि एक गंमत बघा. अमेरिकेतली नेहमीची छोटी बाटली 355 मिलीची. तिकडे सहाचा खोका ही रीतच आहे, म्हणून माणूस सहज सहा उचलतो. सहा गुणिले 355 म्हणजे 2130. एकशे तीस मिलीने तुम्ही रेषेच्या पलीकडे. अर्ध्या लिटरच्या चार घ्या, बरोबर 2 लिटर. मुलाच्या चार, सुनेच्या चार. आठ बाटल्या म्हणजे काचेच्या धरल्या तर सात किलो वजन, तेही धरून ठेवा.

फसतात लोक ते इथे नाही, पुढच्या पावलावर. उतरल्यावर ड्यूटी-फ्रीचं दुकान दिसतं, आणि काकांसाठी, मामांसाठी, शेजारच्यांसाठी लिटरची एक व्हिस्की उचलली जाते. तीही याच 2 लिटरांत मोजतात. मुलाने चार बाटल्या बिअर आणली असेल तर त्याच्या वाट्याचं दुकान बंद. आणि समजा जास्त झालंच, तर लाल मार्गाने जाऊन सांगावं आणि ड्यूटी भरावी. हिरव्या मार्गाने गुपचूप निघायचं आणि सापडायचं, हे पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी कोणाला हवंय?

कोणत्या वाटेने येतात यावरही बरंच अवलंबून आहे. दोह्यावरून थेट नागपूरला येत असतील तर बॅगेचा टॅग नागपूरपर्यंतचाच हवा, आणि दोह्यात बाहेर पडून शहर बघायचा मोह झाला तरी ती बॅग हातात घ्यायची नाही. कतारमध्ये प्रवाशाला दारू आत नेता येत नाही. दिल्ली-मुंबईवरून आले तर साधारणपणे तिथेच बॅगा घेऊन कस्टम करायचं आणि नागपूरसाठी पुन्हा चेक-इन, म्हणजे बाटल्यांची तपासणी आणि आपटाआपटी दोनदा. त्यांना पर्याय असेल तर दोहा बरं.

पॅकिंगबद्दल मी अनुभवाने बोलते. काही वर्षांपूर्वी मी लेकीकडे जाताना कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी नेली होती. बरणीला फडकं, फडक्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर रबर, आणि वर माझा आत्मविश्वास. पट्ट्यावर बॅग आली तेव्हा मागे तेलाची धार होती आणि आजूबाजूचे लोक मेथीच्या वासाने बाजूला सरकत होते. आमच्या घरच्या यांचा पांढरा शर्ट आजही हळदीचा आहे. चूक काय झाली ते नंतर कळलं. बरणी मी बॅगेच्या कडेला, चाकांजवळ ठेवली होती. सगळे धक्के तिथेच बसतात.

तेव्हा बाटली आधी झिपच्या जाड पिशवीत, मग जाड मोज्यात, मग पुन्हा एका झिपच्या पिशवीत. दोन पिशव्यांच्या मध्ये लहान बाळाचं डायपर गुंडाळायचं. हसू नका. बाटली फुटलीच तर बरीचशी बिअर डायपर पितं आणि काचा पिशवीत राहतात. बाटल्या बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी चार बोटं जाड कपडे, एकमेकींना टेकलेल्या नाहीत, आणि शेजारी चार्जर, बूट, देवाची पितळी मूर्ती असलं काही टणक नाही. दोन बॅगांत निम्म्या निम्म्या. वरच्या थरात चांगले कपडे नकोत, कारण तपासणीसाठी बॅग उघडली तर पुन्हा तशीच भरून देतील याची खात्री नाही.

घ्यायला जाताना तुम्ही एवढंच करा: गाडी आधीपासून एसी लावून थंड, बॅगा डिक्कीत नाही तर मागच्या सीटवर, आणि वाटेत कोणालाही भेटायला थांबायचं नाही. सूनबाईंना विमानतळावरून थेट तर्री-पोहे खायचे असतील तर ते घरी आणून ठेवा. बाटल्यांची बॅग उन्हात उभ्या गाडीत ठेवून पोहे खाणं म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणी. पाणी कसलं, बिअर.

भावाच्या दोन बाटल्या. हे मला तुमच्या पत्रात सगळ्यात धोक्याचं वाटलं, आणि तुम्ही ते एका ओळीत लिहून टाकलंय. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. चंद्रपूरची 2015 साली लागली आणि 2021 ला उठली, म्हणून पुष्कळ लोकांना वाटतं की सगळीकडचीच उठली. वर्ध्याची उठलेली नाही, गडचिरोलीची 1993 पासूनची नाही. अमेरिकेतून, दोह्यातून, कस्टममधून सुखरूप आलेली बाटली नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या नाक्यावर तुमच्या गाडीत सापडली तर ‘भाच्याने स्वतः केली आहे हो’ याला काही किंमत नाही. भावाला सांगा, बिअर वर्ध्याला येणार नाही, तूच नागपूरला ये. रात्री मुक्काम कर. एका ग्लासासाठी पंचाहत्तर किलोमीटर यायला तो कुरकुर करणार नाही असं त्याच्या फोनवरून वाटतंय.

नागपुरातही कायद्याच्या कागदावर प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचाही मिळतो, काढून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरच्या घरी चार-सहा माणसं असतील तर तेवढ्यावर भागतं. हॉल घेऊन पाहुण्यांना वाटायचा विचार असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वेगळा परवाना लागेल, आणि खरं सांगू का, आठ बाटल्यांत हॉल होत नाही. तुमच्या यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना एक फोन तुम्ही करा, त्यांना करायला सांगू नका. ते करणार नाहीत.

बाटल्या घरी आल्या की लगेच फ्रीजमध्ये, उभ्या, आडव्या नाहीत. प्रवासात तळाचा गाळ ढवळला जातो, तो खाली बसायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून मुलाला वाढदिवसाच्या निदान तीन दिवस आधी पोचायला सांगा. फ्रीजमध्ये जागा लागेल, तेव्हा आमरसाचं पातेलं आधीच कुठे हलवायचं ते ठरवून ठेवा. पहिली बाटली बेसिनमध्ये धरून, झाकणावर रुमाल टाकून, हळूहळू उघडायची. मुलगा उघडेल, पण रुमाल तुम्ही द्या. ग्लास तिरका धरून एका दमात ओतायची, आणि तळाचा बोटभर गढूळ भाग बाटलीतच राहू द्यायचा. तो यीस्टचा गाळ असतो, विषारी नाही, पण दुसऱ्या दिवशी पोट बोलतं.

सावजी मटणाबरोबर घेणार असाल तर जाता जाता एक. तिखटावर फेसाळ पेय आणखी झोंबतं. पहिला घोट जेवणाआधी, पाटवडी-बिटवडीच्याही आधी, नुसता द्या यांना. आणि त्या वेळी मुलाला समोरच बसवा, स्वयंपाकघरात पाठवू नका. ‘बरी आहे’ त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू द्या.